आपण प्रमुख आहात का?

कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्राम बसवायचा असेल तर त्यासाठी एक स्क्रिप्ट लिहितात. स्क्रिप्ट म्हणजे बाहेर जाताना सासूने सुनेला सांगून ठेवलेली कामांची यादी. आधी हे कर, मग ते कर, ते झालं की यावर झाकण ठेव. फरक एवढाच की कॉम्प्युटर मनातल्या मनात पुटपुटत नाही. या यादीच्या अगदी सुरुवातीला एक तपासणी घालावी लागते. जे कोणी ही यादी चालवतंय, त्याला या मशीनवर सगळे अधिकार आहेत का? लिनक्समध्ये अशा सर्वाधिकारी खात्याला रूट म्हणतात आणि त्याचा नंबर शून्य असतो. चालवणाऱ्याचा नंबर शून्य आहे का ते बघायचं, नसेल तर तिथंच थांबायचं. नाहीतर अर्धा प्रोग्राम बसतो, अर्धा लटकतो आणि निस्तरताना नाकी नऊ येतात. तीन ओळींचं काम आहे. पुण्यातल्या माझ्या कंपनीसाठी मी ते डोळे मिटून लिहिते. घरच्यांसाठी लिहायला बसले तेव्हा मात्र नेमक्या त्याच तीन ओळींत माती खाल्ली.

मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि ती नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावी, घराच्या माडीवर बसून करते. खाली सासूबाई असतात. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्यांचा बायकांचा बचत गट आहे. शेंगदाण्याची चटणी, कुरडया, ज्वारीचे पापड, हुलग्याचं पीठ असं सगळं त्या करतात आणि सोसायटीच्या जुन्या खताच्या गोदामात बसून पाकिटं भरतात. गोदामाला युरियाचा वास होता. तो जावा म्हणून आत्यांनी सुरुवातीला पंधरा दिवस तिथं सकाळ-संध्याकाळ धूप घातला. तेव्हापासून तिथं युरिया आणि धूप असा दोन्हींचा वास येतो.

गेल्या वर्षी गटाला नगरच्या एका प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल मिळाला. कागदावर आता अहिल्यानगर असतं, तोंडात अजून नगरच येतं. प्रदर्शनवाल्यांची एक अट होती. प्रत्येक पाकिटावर छापील लेबल पाहिजे. पदार्थाचं नाव, वजन, तारीख, पत्ता सगळं छापलेलं. हाताने लिहिलेली चिठ्ठी चालणार नाही. शनिवारी सकाळी टेम्पो निघणार होता. तोपर्यंत लेबलं झाली नाहीत तर स्टॉल ओढ्यापलीकडच्या गावातल्या गटाला जाणार होता, कारण त्यांचं नाव यादीत आमच्या खालोखाल होतं. आत्यांनी हे फार मनाला लावून घेतलं. त्यांना स्टॉल गेल्याचं दुःख एक वेळ चाललं असतं, पण तो त्या गटाला गेलेला चालणार नव्हता.

"त्यांच्या चटनीत लसूनच नसतो," त्या मला म्हणाल्या. "नगरची लोकं म्हनतील, कर्जतकडं चटनी अशीच करत्यात."

हा गट आत्यांनी दारोदार फिरून उभा केला आहे. कुणाच्या नवऱ्याला समजावलं, कुणाच्या सासूला. कुणाकडे तर तीन वेळा हाकलून दिल्यावर चौथ्यांदा जाऊन चहा पिऊन आल्या. एवढं करून त्यांचं नाव कुठंच नाही. गटाच्या पाटीवर गावाचं नाव आहे, भिंतीवर देवाचा फोटो आहे. फोटो काढायच्या वेळी आत्या नेमक्या चहाचं बघायला आत गेलेल्या असतात.

लेबलाचं काम मी अंगावर घेतलं. कंपनीने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मागून आणला, लेबल छापायचं छोटं मशीन घेतलं आणि एक सुटसुटीत प्रोग्राम लिहिला. पदार्थ निवडा, वजन टाका, लेबल बाहेर. आता राहिली होती ती फक्त बसवायची स्क्रिप्ट. ती मी माझ्या हाताने चालवली असती तर पाच मिनिटांत विषय संपला असता. पण माझ्या अंगात तेव्हा स्वावलंबन संचारलं होतं. पुढे कधी मशीन बिघडलं तर बायकांना पुन्हा सगळं स्वतः बसवता आलं पाहिजे, माझ्यावाचून अडता कामा नये, वगैरे. शिवाय मला मीटिंगा होत्या.

तर ती तपासणी. कंपनीत आम्ही सरळ 'परवानगी नाही' असा इंग्रजी संदेश टाकून स्क्रिप्ट बंद करतो. मला ते नको वाटलं. या बायकांनी तहसीलपासून तालुक्याच्या बँकेपर्यंत प्रत्येक खिडकीवर 'परवानगी नाही' ऐकलेलं आहे. निदान माझ्या प्रोग्रामने तरी त्यांच्याशी नीट बोलावं असं मला मनापासून वाटलं. म्हणून मी मशीनला तपासायला लावण्याऐवजी विचारायला लावलं. तेही मराठीत, अदबीने: 'नमस्कार. आपण या गटाच्या प्रमुख आहात का?' हो म्हटलं की पासवर्ड मागायचा आणि काम सुरू. नाही म्हटलं की, 'कृपया प्रमुखांना बोलवावे. धन्यवाद.' आणि बंद. दोन बटणांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून एकीवर 'हो' लिहिलं आणि दुसरीवर 'नाही'. पासवर्ड आत्यांकडून पाठ करून घेतला. एवढं करून मी माझ्यावरच खूश होऊन माडीवर गेले.

मंगळवारी जेवताना आत्यांना विचारलं, "चालवली का स्क्रिप्ट?"

"चालवली की."

"काय म्हणालं मशीन?"

"धन्यवाद म्हनलं."

माझा जीव भांड्यात पडला. बुधवारीही विचारलं. आत्या म्हणाल्या, आज पुन्हा चालवली, आजपण धन्यवाद म्हनलं, लई चांगलं मशीन हाय. मला वाटलं उत्साहाने दोनदा बसवलं असेल, असू दे.

गुरुवारी दुपारी टायपिंगवाली माडीवर आली. ही गटातली सगळ्यात शिकलेली बाई. लग्नाआधी मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली, त्यामुळे कीबोर्ड तिच्या ताब्यात. दारातच उभं राहून तिने विचारलं, "वहिनी, ते लेबल कुठून निघतं?"

मी खाली उतरून गोदामात पळाले. मशीनवर प्रोग्रामचा मागमूस नव्हता. 'नाही'च्या बटणावरची पट्टी मात्र चटणीच्या तेलाने लालभडक झाली होती आणि 'हो'ची पट्टी जशी चिकटवली तशी पांढरीशुभ्र होती.

कंपनीत आम्हाला शिकवलेलं आहे की वापरणारी माणसं अडली तर मध्ये बोलू नये, ती काय करतात ते गप्प बसून बघावं. म्हणून मी म्हटलं, पुन्हा चालवा, मी बघते. आणि शेंगदाण्याच्या पोत्यावर जाऊन बसले.

टायपिंगवालीने स्क्रिप्ट सुरू केली. पडद्यावर प्रश्न आला. तिने तो मोठ्याने वाचला, लाजून हसली आणि म्हणाली, "मी कशी आसंन? मावशी हाईत." दाबलं 'नाही'. मशीन म्हणालं, कृपया प्रमुखांना बोलवावे, धन्यवाद. गटात आत्यांना सगळ्या मावशीच म्हणतात, तिने त्यांना हाक मारली. आत्या पदराला हात पुसत आल्या, खुर्चीवर बसल्या. पुन्हा सुरू, पुन्हा प्रश्न.

"मी कसली प्रमुख," आत्या म्हणाल्या. "आमी सगळ्या सारख्याच. वयानं मोठ्या त्या आजी हाईत, त्यांना बसवा." दाबलं 'नाही'. धन्यवाद.

आजी म्हणजे गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, चटणी कुटण्याचं काम त्यांच्याकडे. मुसळ भिंतीला टेकवून त्या आल्या. खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या, उभ्यानेच पडद्याकडे बघून म्हणाल्या, "मला सहीबी धड येत न्हाई. ह्या पोरीनं टायपिंग केलंय, हीच प्रमुख." आणि सगळ्यांच्या देखत, ठसक्यात, 'नाही'. धन्यवाद.

अशा तऱ्हेने प्रश्न गोदामभर फिरला आणि टायपिंगवालीपाशी परत आला. दोन दिवस हेच चाललं होतं. आणि त्यात कुणाचं काही चुकत होतं असं कुणालाच वाटत नव्हतं. आमच्या गावात कुठल्याही कार्यक्रमाला मधली खुर्ची बराच वेळ रिकामीच असते, 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' चाललेलं असतं. पंगतीत वाढायला घेतलं तर पहिली पोळी तीन ताटांवरून पुढे जाते. आपण होऊन पुढे झालं तर त्या माणसाला लोक वर्षभर नावं ठेवतात. हे सगळं मला माहीत होतं. दहा वर्षं मी या घरात नांदते आहे. तरीही मी मशीनला शिकवून ठेवलं होतं की चारचौघींत विचार, बाई, तू मोठी आहेस का.

मला राहवलं नाही. मी पोत्यावरून उठले. "आत्या, अहो तुम्हीच आहात ना प्रमुख? मग दाबा की हो."

"असं कसं आपल्या तोंडानं म्हनायचं?"

"तोंडाने नाही म्हणायचं, बोटाने दाबायचंय."

"तेच ते."

बाकीच्या बायका म्हणायला लागल्या, तुमीच की मावशी, दाबा. आत्यांनी हात झटकला. "तुमी म्हनता ते येगळं. आपलं आपन म्हनायचं न्हाई."

"बरं, मग मी दाबते," असं म्हणून मी हात पुढे केला, तर आत्यांनी माझं मनगट धरलं. "तू तर गटातबी न्हाईस," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. मी वर्गणी भरलेली नाही, चटणी कुटलेली नाही. मी हात मागे घेतला.

नेमके त्याच वेळी सरपंच आले. खरं म्हणजे आमच्या गावच्या सरपंच एक बाई आहेत आणि हे त्यांचे यजमान, पण गाव यांनाच सरपंच म्हणतं आणि हेही ओ देतात. गटाशी यांचा संबंध एवढाच की गोदामाच्या उद्घाटनाला यांनी नारळ फोडला होता. खऱ्या सरपंच तेव्हा शेजारी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

"काय अडलंय?" असं म्हणत ते थेट आत आले. पडद्यावर प्रश्न होताच. त्यांनी तो वाचला. आपण या गटाच्या प्रमुख आहात का? प्रश्न बाईमाणसाला विचारलेला आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तरी त्यांना ती अडचण वाटली नाही. खुर्चीवरसुद्धा न बसता त्यांनी उभ्या उभ्या 'हो' दाबलं.

मशीनने पासवर्ड मागितला. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर अक्षरं दिसत नाहीत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "कीबोर्ड बंद हाय वाटतं," म्हणत त्यांनी तो उलटा करून आपटला. त्यातून थोडं शेंगदाण्याचं कूट पडलं. मग त्यांनी स्वतःचा मोबाईल नंबर टाकला. चुकीचा पासवर्ड. मग गाडीचा नंबर. चुकीचा पासवर्ड. तिसऱ्यांदा काय टाकलं ते कळलं नाही, पण टाकताना ते आम्हाला म्हणाले, "तिकडं बघा." चुकीचा पासवर्ड. तीन वेळा चुकल्यावर स्क्रिप्ट बंद पडली.

"व्हायरस हाय ह्यात," सरपंच म्हणाले. "नगरला आपली वळख हाय, लेबलाचं मी बघतो. माझं नाव सांगा." चहा घेतला आणि निघून गेले.

मला त्यांचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. मी लिहिलेली तपासणी काय करत होती? ज्यांना अधिकार होता त्यांना घालवत होती आणि ज्याला काडीचा नव्हता त्याला पासवर्डच्या दारापर्यंत आणून सोडत होती. कंपनीतली सगळ्यात नवखी मुलगीसुद्धा असलं काही लिहिणार नाही. मी आत्यांना म्हटलं, "प्रश्नच चुकला माझा. उद्या सकाळपर्यंत बदलून देते, दुपारपर्यंत लेबलं होतील." आत्या हं म्हणाल्या. त्यांचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी चुलीपुढे भाकरी थापता थापता त्या एकदम म्हणाल्या, "त्यांनी कसं पटकन दाबलं."

"हो ना."

"इचारबी न्हाई केला."

"नाही केला."

"खुर्चीवरबी न्हाई बसले." मग त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि मला पीठ चाळून द्यायला सांगितलं. विषय संपला असं मी समजले.

जेवणाआधीच मी माडीवर जाऊन तो नमस्कार, तो प्रश्न, ते धन्यवाद सगळं पुसून टाकलं आणि त्या तीन ओळी लिहिल्या, जशा जगभर लिहितात तशा. आता मशीन कुणाला काही विचारणार नव्हतं. अधिकार आहे का ते स्वतःच बघणार, नसेल तर नुसता पासवर्ड मागणार. पासवर्ड बरोबर असेल तर काम पुढे, नसेल तर थांबणार. लाजणं नाही, घुसणं नाही. इतकी नीटनेटकी स्क्रिप्ट बघून मला बरं वाटलं आणि मी निवांत जेवले.

शुक्रवारी सकाळी आत्या गोदामात आल्या त्या इरकल नेसून. हे लुगडं त्या लग्नकार्याला नेसतात. मला वाटलं प्रदर्शनवाल्यांपैकी कुणी येणार असेल. त्यांनी दोनदा साबणाने हात धुतले. टायपिंगवाली खुर्चीकडे निघाली तशा त्या म्हणाल्या, "आज मी बसते." बायका भोवती गोळा झाल्या. आजींनी तर मुसळ खाली ठेवलं, जे त्या सहसा कुणासाठी ठेवत नाहीत. मला बरंच वाटलं. स्वावलंबन, दुसरं काय.

आत्यांनी स्क्रिप्ट सुरू केली. मशीनने पासवर्ड मागितला. त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर मनात म्हणत तो टाकला. पहिल्याच झटक्यात बरोबर. पडद्यावरून ओळी भराभर वर सरकल्या आणि शेवटी आलं, 'काम पूर्ण झाले.' लेबलाच्या मशीनने खर्रकन आवाज केला आणि पहिलं लेबल बाहेर आलं: शेंगदाणा चटणी, पाव किलो, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर. बायकांनी ते हातोहात फिरवलं. आजींनी ते उन्हात धरून बघितलं. टायपिंगवालीच्या डोळ्यांत पाणी आलं, मीही टाळ्या वाजवल्या. पुढचं आधीच सांगून टाकते, लेबलं दिवस मावळायच्या आत झाली, शनिवारी टेम्पो वेळेवर निघाला आणि स्टॉल आमचाच राहिला.

आत्या मात्र खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. त्या पडद्याकडेच बघत होत्या आणि त्यांचं एक बोट बटणांच्या वर तसंच अधांतरी होतं.

"इचारलं न्हाई त्यानं," त्या म्हणाल्या.

"काय, आत्या?"

"ते. प्रमुख हाईत का म्हनून."

"आता नाही विचारत ते," मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. "काढून टाकलं मी. विचारणंच चूक होतं. आता ते आपलं आपण बघतं."

"मग त्याला कसं कळलं मी हाय म्हनून?"

"तुम्ही पासवर्ड बरोबर टाकला ना, त्यावरून."

"पासवर्ड काय, कुनीबी पाठ करील," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी बोट खाली घेतलं.

टायपिंगवालीने मला कोपराने ढोसलं. हळूच म्हणाली, "वहिनी, मावशी सकाळी सगळ्यांच्या घरी जाऊन आल्या. म्हनल्या, आज हो दाबनार हाय, कुनाला काय वाटंल का. आमी म्हनलं, दाबा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोण चालवतंय ते न विचारता तपासावं, हे कॉम्प्युटरच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे आणि मी ते उशिरा का होईना शिकले होते. पण इतक्या वर्षांत या बाईला हा प्रश्न फक्त त्या मोडीत निघालेल्या मशीनने विचारला होता, आणि ती उत्तर द्यायला तयार झाली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तो पुसून टाकला होता. मी माडीवर गेले, माझा लॅपटॉप घेऊन आले आणि पोत्यावर बसून स्क्रिप्ट उघडली. त्या तीन ओळी जिथं होत्या तिथंच ठेवल्या. त्यांच्या वर प्रश्न परत घातला. उत्तर काहीही आलं तरी पुढची ओळ तीच. प्रश्नाचा कामाशी काडीचा संबंध नाही. कंपनीत माझं लिखाण तपासणारे साहेब हे बघतील तर विचारतील, ही ओळ कशाला आहे, काढून टाका.

मग बसवलेला प्रोग्राम मी मुद्दाम उडवला. लेबलं खोळंबली आहेत असं कुणीही म्हणालं नाही. आत्यांनी पदर सारखा केला आणि स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली. पडद्यावर आलं, 'नमस्कार. आपण या गटाच्या प्रमुख आहात का?'

आत्यांनी ते मनात वाचलं. मग वळून एकदा सगळ्यांकडे बघितलं. आजी म्हणाल्या, "दाब आता, चटनी सुकायली." आत्यांनी 'हो' दाबलं, चांगलं जोरात दाबलं, आणि मशीन काही न बोलता पासवर्डवर गेलं. आत्यांनी बोट उचललं. मग पासवर्ड न टाकताच माझ्याकडे वळल्या.

"पुन्ना इचारायला लाव," त्या म्हणाल्या.